आराम: वेड, बाग आणि मुलुंडच्या वेशीवरची भिंत

मुंबईच्या मराठीत 'ह्याला आता ठाण्याला पाठवायला हवं' असे वाक्य कुणी उच्चारले, की ऐकणाऱ्याला ठाणे शहर आठवत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे एक उंच भिंत उभी राहते. पुण्याकडे हेच काम 'येरवडा' हा शब्द करतो, आणि तिथे तर तुरुंग व मनोरुग्णालय ह्या दोन्ही संस्था एकाच गावाच्या नावात वस्तीला असल्याने विनोदाची धार दुहेरी होते. गावाच्या नावाने संस्था सुचवावी आणि संस्थेच्या नावाने उपहास, ही भाषेची जुनी खोड आहे. ह्या उपहासाला आम्ही येथे हरकत घेणार नाही. आमचे कुतूहल त्या भिंतीआड काय लावले होते ह्याविषयी आहे. भिंतीआड माणसे होती हे सर्वांना ठाऊक असते. तिथे झाडेही होती, आणि ती कुणासाठी व कशासाठी लावली गेली ह्याला एक इतिहास आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

अलीकडे 'संवेदन-उद्यान' ही कल्पना आपल्याकडे पुष्कळ बोलली जाऊ लागली आहे. स्वमग्न मुले, अतिचंचल मुले, भावनिक व वर्तनविषयक अडचणींशी झगडणारी मुले आणि मोठी माणसे ह्यांच्यासाठी रंग, गंध, स्पर्श, नाद आणि चव ह्यांचा विचार करून रचलेली बाग, असा तिचा थोडक्यात अर्थ. ही कल्पना परदेशातून तयार होऊन आलेली वस्तू आहे, असा समज प्रचलित आहे. तो अर्धाच खरा आहे. प्रस्तुत लेखात आम्ही उरलेल्या अर्ध्याचा शोध घेऊ पाहतो.

प्रथम एका शब्दाकडे वळू. 'आराम' हा शब्द आज आपण विसावा ह्या अर्थाने वापरतो आणि तो फारसीतून आला असे शिकवतो. ते योग्यच आहे. परंतु संस्कृतातही 'आराम' आहे. तो 'रम्' धातूपासून झाला असून त्याचा अर्थ रमण्याची जागा, बाग असा आहे. अमरकोशकार 'आराम' आणि 'उपवन' हे शब्द शेजारी ठेवतात आणि मुद्दाम तयार केलेले वन असा त्यांचा अर्थ देतात. बौद्ध परंपरेत भिक्षूंच्या निवासाला 'संघाराम' म्हटले गेले, कारण भिक्षूंना दान मिळालेल्या आरंभीच्या जागा बहुधा बागाच होत्या. 'विहार' ह्या शब्दातही फिरणे आणि राहणे असे दोन्ही अर्थ नांदतात. मराठीच्या अंगणात संस्कृतातली बाग आणि फारसीतला विसावा असे एकाच उच्चाराने एकत्र आले, ह्याला योगायोग म्हणावे की भाषेचे शहाणपण, हे वाचकांनी ठरवावे.

बोरिवलीच्या अरण्यातील कान्हेरीची लेणी पाहिली की हा शब्दार्थ दगडात उतरलेला दिसतो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात शंभरांहून अधिक लेणी आहेत. पुष्कळ लेण्यांपाशी पावसाचे पाणी साठवणारी टाकी आहेत आणि बाहेर बसण्यासाठी कातळातच कोरलेले बाक आहेत. ह्या बाकांना आज कुणी उपचारात्मक रचना म्हटले तर ते कालविपर्यासाचे होईल. मात्र अशांत मनाला शांत करायचे तर त्याला अंधाऱ्या खोलीपेक्षा सावली, पाण्याचा नाद आणि दूरचा हिरवा पल्ला ह्यांच्या सान्निध्यात बसवावे, ही जाण ह्या बेटावर नवी नाही, एवढे तरी म्हणता येईल.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे आणखी एक उदाहरण आठवेल. तेराव्या शतकातील श्रीगोविंदप्रभूंच्या लीळा म्हाइंभटांनी संकलित केल्या. ऋद्धिपुरातील हे सत्पुरुष लोकांच्या लेखी वेडे होते. त्यांनी कुणाच्या घरात शिरून खाणे मागावे, वाटेल तिथे खेळत बसावे, मनात येईल तसे बोलावे. गाव कधी वैतागले, कधी हसले, पण गावाने त्यांच्याभोवती भिंत घातली नाही. विहिरी, देवळे, बाजार, अंगणे असे सारे गावच त्यांच्या संचाराला मोकळे होते. ह्या चरित्राचा उल्लेख करताना आम्ही सावध राहू इच्छितो. गोविंदप्रभूंना ईश्वर मानणारे भक्त होते. त्यांच्या वेडाला अर्थ लावणारा संप्रदाय होता. ज्यांच्या वेडाला कुणी अर्थ लावला नाही अशा असंख्यांचे त्याच काळात काय झाले, हे कोणत्याही लीळेत सांगितलेले नाही. तेव्हा जुना समाज प्रेमळ होता आणि इंग्रजांनी भिंती आणल्या, असे सोपे समीकरण आम्ही मांडणार नाही.

भिंती मात्र आल्या, आणि त्यांच्याबरोबर बागाही आल्या. हा दुहेरी वारसा समजून घेण्यासाठी थोडे इंग्लंडात जावे लागते. १७९० मध्ये यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स ह्या क्वेकर पंथीय स्त्रीचा मृत्यू झाला. त्या घटनेने व्यथित होऊन विल्यम ट्यूक आणि त्यांच्या सहधर्मीयांनी १७९६ मध्ये 'रिट्रीट' नावाचे निवासस्थान उघडले. साखळदंड आणि मारझोड ह्यांऐवजी सौम्य वागणूक, नियमित काम आणि मोकळी हवा हे तिथले उपचार होते. भोवती बाग होती, फिरण्याच्या वाटा होत्या. रुग्णांच्या अंगणात ससे व कोंबड्या पाळल्या जात, कारण दुबळ्या जिवाची काळजी घेताना माणूस स्वतःला सावरतो अशी तिथल्या लोकांची धारणा होती. अमेरिकेत बेंजामिन रश ह्यांनी १८१२ च्या आपल्या ग्रंथात असे निरीक्षण नोंदवले, की जे रुग्ण लाकूडफाटा, चूल, बागकाम अशा श्रमांत गुंततात ते पुष्कळदा बरे होतात, आणि ज्यांना प्रतिष्ठेपायी असे काम करावे लागत नाही ते मात्र तिथेच खितपत पडतात.

हा 'नैतिक उपचार' १८५८ च्या कायद्याबरोबर हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचे रूप पालटले. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, धारवाड, अहमदाबाद, सिंधमधील हैदराबाद अशा ठिकाणी वेड्यांची इस्पितळे होती. रत्नागिरीचे १८८६ चे, आणि मध्यप्रांतात असलेले नागपूरचे त्याआधीचे, १८६४ चे. तिथेही रुग्ण बागेत काम करीत. परंतु वार्षिक अहवालांत त्या कामाची नोंद अनेकदा जमाखर्चाच्या रकान्यात येई: किती भाजी पिकली, त्याने किती खर्च वाचला. यॉर्कच्या बागेत श्रम हा उपचार होता. इथल्या बागेत तो उपचार होता की काटकसर, हे अहवाल वाचून सांगणे कठीण जाते, आणि कदाचित लिहिणाऱ्यालाही ते सांगता आले नसते. शिवाय सर्वांना सारखे काम नव्हते. युरोपीय आणि सुखवस्तू रुग्णांच्या वाट्याला फिरण्याची बाग येई, गरीब देशी रुग्णांच्या वाट्याला खणण्याची. सारा अ‍ॅन पिंटो ह्यांनी मुंबई इलाख्यातील ह्या संस्थांवर २०१८ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. वसाहतकालीन मनोरुग्णालय म्हणजे केवळ दडपशाही किंवा केवळ दयाबुद्धी अशी एकेरी मांडणी पुरी पडत नाही, हे अशा अभ्यासांमुळे उमगते.

कुलाब्याची जागा अपुरी पडू लागली आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ठाण्याच्या नौपाड्यात नवे इस्पितळ उभे राहिले. सरकारी नोंद त्याचे स्थापनावर्ष १९०१ असे देते. नरोत्तमदास माधवदास ह्यांच्या नावाने ते दीर्घकाळ ओळखले जाई. शहराबाहेर, प्रशस्त, झाडीने वेढलेली अशी जागा निवडण्यामागे दोन हेतू एकत्र होते: रुग्णाला शांतता मिळावी, आणि शहराला रुग्ण दिसू नये. मनोरुग्णालयाच्या बागेचा सारा इतिहास ह्या दोन हेतूंच्या ओढाताणीत सामावलेला आहे, असे आम्हांस वाटते. झाडे एकाच वेळी सावली देतात आणि पडदाही धरतात.

१९२० च्या सुमारास 'असायलम'चे 'मेंटल हॉस्पिटल' झाले. नाव बदलले तरी गर्दी बदलली नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने देशात १९ मनोरुग्णालये आणि सुमारे दहा हजार खाटा असल्याचे दाखवले; तेव्हा देशाची लोकसंख्या चाळीस कोटींच्या घरात होती. १९५० च्या दशकात औषधे आली आणि त्यांनी पुष्कळांना घरी परतण्याची वाट दिली. औषधांचे हे ऋण नाकारून केवळ बागेचे गुणगान करणे हा कृतघ्नपणा ठरेल. तथापि औषधांबरोबर एक विस्मरणही आले: इमारत, अंगण, खिडकी ह्यांचा उपचाराशी काही संबंध असतो हे मागे पडले. १९९९ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातील ३७ मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा तुरुंगासारखी रचना हा त्यातला एक ठळक विषय होता. आणि ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत मृत्युमुखी पडले, तेव्हा यॉर्कमध्ये दोनशे वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आपल्याकडे अजून विचारायचा राहिलाच आहे हे उघड झाले.

मुलांचा इतिहास थोडा वेगळा आहे. त्रासदायक वागणारे मूल हे फार काळ 'वाया गेलेले' किंवा 'उनाड' मूल होते. त्याची जागा सुधारगृहात. १९२४ चा मुंबईचा बालकविषयक कायदा आणि १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी ह्यांनी गुन्हेगार आणि मूल ह्यांत फरक केला. १९३७ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र चालू केले. 'हे मूल वाईट आहे' ह्या वाक्याच्या जागी 'ह्या मुलाला काहीतरी त्रास होतो आहे' हे वाक्य आले. व्याकरणदृष्ट्या हा फरक लहान आहे, मूल कर्त्याच्या जागेवरून चतुर्थीत गेले. पण त्या विभक्तीने पुढच्या सगळ्या विचाराला वाट करून दिली.

ती वाट बागेपर्यंत कशी पोहोचली, हे थोडक्यात पाहू. ब्रुकलिनच्या वनस्पतीउद्यानात १९५५ मध्ये अंध व्यक्तींसाठी गंधोद्यान रचले गेले. १९७२ मध्ये जीन एअर्स ह्यांनी संवेदनांच्या एकात्मीकरणाविषयी मांडणी केली: काही मुलांच्या मेंदूला बाहेरून येणारे स्पर्श, आवाज, हालचाल ह्यांची जुळणी करणे अवघड जाते आणि त्याचा परिणाम वागण्यात दिसतो. त्याच दशकात नेदरलंड्समध्ये यान हुल्सेखे आणि आड व्हेरहूल ह्यांनी 'स्नूझलेन' ही पद्धत विकसित केली. हुंगणे आणि डुलकी घेणे ह्या अर्थांचे दोन डच शब्द जोडून हे नाव केलेले आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिच ह्यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. २००९ च्या एका प्रयोगात अवधान-न्यूनता असलेल्या १७ मुलांना वीस मिनिटे बागेत, वस्तीत आणि शहराच्या मध्यभागी असे वेगवेगळ्या वेळी फिरवले. बागेतल्या फेरीनंतर त्यांची एकाग्रता अधिक चांगली आढळली. हे अभ्यास लहान आहेत. पहिला तर मनोविकाराविषयी नव्हताच. बाग बरे करते असे त्यांवरून सिद्ध होत नाही. बाग मदत करू शकते, एवढेच म्हणता येते. मात्र ज्याच्या घरी असे मूल आहे त्याला हे 'एवढेच' किती मोठे असते ते विचारून पाहावे.

आता उपनगरांकडे परतू. अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील एका बागेत १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया ह्यांनी पाच माणसांसह हास्यक्लब चालू केला आणि तिथून तो जगभर गेला. मनःस्वास्थ्यासाठी सार्वजनिक बाग वापरण्याचे हे आपल्या उपनगराचे देणे आहे. पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहावी. ज्या मुलाच्या कानाला प्रत्येक आवाज दुप्पट लागतो, त्याच्यासाठी पहाटे एकाएकी उसळणारे सामूहिक हास्य ही यातना असू शकते. घाटकोपरच्या छपरांवरून विमानतळाकडे उतरणारी विमाने, लोकलचा खडखडाट, रिक्षांचे हॉर्न, सणासुदीचे ध्वनिवर्धक अशा वातावरणात 'संवेदना जागवणारी' बाग म्हणजे आणखी रंग, आणखी कारंजी, आणखी घंटा असा अर्थ घेतला, तर ते औषध रोगाहून जड व्हावे. मुंबईच्या उपनगरातील मुलाला संवेदना कमी पडत नाहीत. त्याला हव्या तेव्हा त्या निवडण्याची आणि नको तेव्हा त्या थांबवण्याची मुभा कमी पडते. संवेदन-उद्यानाच्या रचनेचे सूत्र आमच्या मते येथेच आहे.

ह्या सूत्रातून बाकीचे आपोआप येते. प्रवेश शक्यतो एकच असावा आणि दारातून आत काय आहे ते दिसावे, कारण अनपेक्षिताची भीती हे पुष्कळ उद्रेकांचे मूळ असते. वाट वळसा घेऊन पुन्हा आरंभापाशी यावी. अडलेली वाट, बंद टोक नको. गंधाचा कोपरा, नादाचा कोपरा, स्पर्शाचा कोपरा वेगवेगळे असावेत, आणि त्यांच्यामध्ये काहीही नसलेली, नुसत्या हिरवळीची जागा असावी. मन भरून आले तर शिरून बसता येईल असा एक आडोसा असावा. तो इतरांपासून झाकलेला, पण सोबतच्या मोठ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात. झोके, चढउताराची जमीन, अनवाणी चालण्यासाठी वाळू, गवत, गुळगुळीत दगड ह्यांचे पट्टे शरीराला आपण कुठे आहोत ते सांगतात. उपनगरात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. तेव्हा शेवाळ न धरणारी फरशी आणि छपराखालची वाट ह्यांवाचून ही बाग जून ते सप्टेंबर बंदच राहील.

झाडांच्या निवडीत मात्र आपल्याला परदेशी यादीची गरज नाही. पारिजातक पहाटे सडा घालतो. फुले वेचण्याच्या कामात चंचल बोटांना लय सापडते. बकुळीचे फूल सुकले तरी वास सोडत नाही, म्हणून खिशात ठेवून घरी नेता येते, आणि बागेतली शांतता थोडी बरोबर जाते. चैत्र-वैशाखात मोगरा, पावसाळ्यात सोनचाफा असे गंधाचे पंचांग मांडता येते. ज्या मुलाला दिवस-महिन्यांचा क्रम उमगत नाही त्याला तो नाकाने उमगू शकतो. रातराणी मात्र दूर असावी, तिचा उग्र वास पुष्कळांना सोसत नाही. पिंपळाची पाने किंचित वाऱ्यातही वाजतात, केळीच्या पानावर पाऊस वेगळा वाजतो. ओवा, तुळस, गवती चहा, कढीपत्ता ही चुरगळून हुंगण्याची आणि चाखण्याची झाडे. लाजाळू तर ह्या मुलांसाठीच निर्माण झाले असावे: स्पर्श केला की मिटते, आणि वाट पाहिली की पुन्हा उघडते. कण्हेर, धोतरा, गुंज, एरंड मात्र विषारी; त्यांना येथे जागा नाही. ही सारी झाडे आपल्या परसात, देवळाच्या आवारात आणि ओव्यांत पूर्वीपासून आहेत. चाळी आणि इमारतींनी परस गिळले, आणि जे घरामागे फुकट मिळत होते ते आता संस्थेने आखून द्यावे लागते आहे, एवढाच काळाचा फेर.

मराठी चित्रपटाने ही गोष्ट नेमकी ओळखली होती. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांचा 'देवराई' २००४ मध्ये आला. छिन्नमनस्कतेने ग्रासलेला शेष आणि त्याची बहीण सीना ह्यांच्या कथेला त्यांनी गावच्या राखलेल्या रानाचे नाव दिले. देवराई म्हणजे कुणीही कुऱ्हाड न लावण्याचा सर्वांनी पाळलेला करार. दुखावलेल्या मनाभोवतीही समाजाने असाच करार पाळावा, असा ह्या शीर्षकाचा अर्थ आम्ही लावतो. भिंत माणसाला राखत नाही. ती फक्त वेगळे करते. राखणे हे देवराईचे क्रियापद आहे.

हा भेद आज केवळ रूपकापुरता उरलेला नाही. १९०१ मध्ये शहराबाहेर असलेली ठाण्याच्या मनोरुग्णालयाची जागा आता मुलुंड आणि ठाणे ह्या दोन गजबजलेल्या स्थानकांच्या मधोमध आली आहे. त्या जमिनीच्या एका भागावर नवे रेल्वेस्थानक व्हावे ही मागणी अनेक वर्षांची. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठीची वाट मोकळी केली. रुग्णालयाच्या पुनर्बांधणीचेही आराखडे झाले. स्थानकाची गरज खरी आहे. रोज दाराला लटकून प्रवास करणाऱ्यांना ती आम्ही काय सांगावी? आणि जुन्या कोंदट कक्षांपेक्षा नव्या इमारती रुग्णांना हव्यातच. प्रश्न असा, की ज्या शहराने वेड नजरेआड ठेवण्यासाठी ही झाडी राखली, ते शहर तिच्या दारापर्यंत येऊन पोहोचल्यावर, उरलेल्या झाडीचे काय करणार आहे? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा अधिकार दिला, आणि आस्थापनेत असताना विरंगुळा, करमणूक, शिक्षण ह्यांच्या वाजवी सोयींचाही. वाजवी म्हणजे काय, हे कायदा सांगत नाही. एखाद्या बकुळीखालचा बाक त्यात बसतो की नाही, हे आराखडा काढणाऱ्याच्या हाती असते.

दोन शतकांच्या ह्या कहाणीत बाग तीन वेळा रूप बदलून आली: रमण्यासाठी, राबवण्यासाठी आणि लपवण्यासाठी. झाडे तिन्ही वेळा तीच होती. फाटकाची किल्ली कुणाकडे होती, एवढ्यावर सारे बदलले. म्हणून ज्या संवेदन-उद्यानाचा उपयोग रोगी आणि निरोगी असा फलक न लावता वस्तीतल्या सर्वांना होतो, ज्यात त्रासलेले मूल आपल्या मर्जीने शिरते आणि आपल्या मर्जीने बाहेर येते, त्यालाच आम्ही बाग म्हणू. उद्या मुलुंड आणि ठाणे ह्यांच्या मध्ये गाडी थांबू लागेल. फलाटावर उतरणाऱ्याला समोर भिंत दिसावी की आत येता येईल अशी सावली, हे ठरायला अजून थोडा अवधी आहे. ते ठरले तर कदाचित 'ठाण्याला पाठवा' ह्या वाक्याचा अर्थही एखाद्या पिढीत पालटेल. थकलेल्या माणसाला कुणी आरामात जा म्हणावे, तसा.